दात पाहण्याचा कार्यक्रम

उकंडानं ताटलीतलं बाभळीचं दातवण दोन बोटांत उचललं आणि मेलेला सरडा टाकावा तसं अंगणाच्या कडेला फेकून दिलं.

"बुद्धाची दीक्षा घेऊन पाच वर्सं झाली, नागोराव," तो म्हणाला, "पण तुमच्या तोंडातली काडी काही सुटली नाही."

उकंडा यवतमाळला कचेरीत चपराशी होता. त्याचा भाचा भीमराज त्याच कचेरीत नुकताच कारकून म्हणून लागला होता. त्याच्यासाठी नागोरावची नलू पाहायला म्हणून मामा-भाचे काल संध्याकाळी दिग्रसला बसमधून उतरून चालत आले होते.

"सवय हाय जी," नागोराव म्हणाला. त्याच्याही हातात दातवण होतं, अर्धं चावलेलं. तो हात त्यानं हळूच पाठीमागे नेला आणि काडी धोतराच्या कनवटीला खोचली.

नलूनं ते दारातून पाहिलं. उजाडायच्या आत नाल्यावर जाऊन तिनंच कोवळी फांदी तोडली होती, काटे काढून काड्या सारख्या केल्या होत्या. पाव्हण्यानं काडी फेकली त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. असल्या माणसाच्या हातून दुसरं काय होणार! पण बापानं काडी लपवली, तेव्हा तिला कसंनुसं झालं.

उकंडानं पिशवीतून ब्रश काढला, पावडरीचा डबा काढला आणि भर अंगणात उभा राहून असा दात घासू लागला, जणू गावानं तिकीट काढून बघायला यावं. भीमराजचा ब्रश शर्टाच्या खिशात होता, पेनाला लागून. त्यानं तो तोंडात दोनदा फिरवला, गाल दाबला आणि थुंकला. थुंकीत रक्त होतं. मामाची नजर जायच्या आत त्यानं पायानं माती लोटली.

चहा झाला. नलू पाटावर येऊन बसली. नाव विचारून झालं, कितवी शिकली ते विचारून झालं. मग उकंडा पुढे सरकला.

"दात दाखव, पोरी."

आपण चुकीचं ऐकलं असं नलूला वाटलं.

"काडीवाल्यायचे दात लवकर हलते," उकंडा बापाला समजावून सांगू लागला. "उद्या दवाखाना आमच्या गळ्यात नको. आ कर, आ कर."

भीमराज जमिनीकडे पाहत राहिला.

"दाखव, माय," नागोराव म्हणाला.

तिनं तोंड उघडलं. उकंडानं मान वाकडी करून वरची ओळ पाहिली, खालची पाहिली. बैलबाजारात नागोरावही असेच दात पाहायचा. पण तो आधी बैलाच्या कपाळावरून हात फिरवायचा.

"चांगले हायेत," उकंडा म्हणाला. त्याचा थोडा हिरमोडच झाला असावा.

नलू उठली ती मागच्या बाजूला जाऊन राखेनं भांडी घासत बसली. थोड्या वेळानं पावलं वाजली. भीमराज होता. एक हात गालावर.

"दाढ लय ठणकून राह्यली," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आजा होता तवा बाभळीनंच घासत होतो. कधी दुखलं नाही. एखांदी काडी हाय काय?"

"मघा ताटलीत होत्या. तवा काहून नाही घेतली?"

"मामा होता ना," तो म्हणाला. या तीन शब्दांत सगळं आलं असं त्याला वाटत होतं. "त्याले सांगू नका."

नलूनं त्याच्याकडे नीट पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेला भांग. कचेरीतला बाबू, आणि एका काडीसाठी चोरासारखा उभा. ती आत गेली, कोनाड्यातली उरलेली जुडी घेऊन आली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"नाही सांगत."

तो हसला. मग त्यानं जुडी बनियनच्या आत सरकवली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली, खिशातला ब्रश वरून दिसतो की नाही ते चाचपून पाहिलं आणि निघून गेला.

इतक्यात नागोराव धावत आला. चेहरा उजळलेला.

"नलू! पाव्हणे म्हणते, पोरगी पसंत हाय!"

"मले नाही."

"काय नाही?"

"पोरगा. पसंत नाही."

"अवो माय, कचेरीत हाय तो. यवतमाळात खोली हाय, नळाचं पाणी हाय. काय कमी हाय त्याच्यात?"

काय कमी आहे ते तिला ठाऊक होतं. पण शब्द दिला होता. तिनं घासलेलं पातेलं पालथं घातलं.

"त्याचे दात किडके हायेत," ती म्हणाली.

नागोरावनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तो ओसरीकडे वळला. आता बाप गोडीचं काहीतरी कारण काढेल, पोर लहान हाय म्हणेल, यंदा जमत नाही म्हणेल, असं तिला वाटलं. पण ओसरीवरून बापाचा आवाज आला. सकाळपासून तो एवढ्या मोठ्यानं बोलला नव्हता.

"पाव्हणे, माही पोरगी म्हणते, तुमच्या पोराचे दात किडके हायेत."

"कोणाचे?" उकंडा ताडकन उठला. "कोणाचे किडके? भीमराज! इकडं ये. आ कर!"

नलू दारात आली. भर ओसरीत, छातीवरचा शर्ट एका हातानं घट्ट धरून, भीमराज मामापुढं तोंड उघडून उभा होता.