शाल आत्ता कुठे आहे?

“जाणाऱ्याजवळ कुणी नसलं, तर आपण हात धरून बसायचं. मी गेल्यावर तू बसशील ना?” सासूबाईंनी विचारलं होतं, आणि मी हो म्हणाले होते. इस्पितळात त्या आया होत्या. मी तिथेच संगणकावर काम करते.

हरवू नये म्हणून इथल्या प्रत्येक चादरीत, खुर्चीत रेडिओची चिप असते आणि खोलीच्या दाराशी तिची नोंद होते. सासूबाईंच्या शालीतही एक शिवली होती. त्या गेल्यापासून शाल इथल्याच माझ्या कपाटात, कुलपात आहे.

आज सहज तिचा माग काढला, तर ती त्यानंतरही खोल्याखोल्यांतून फिरलेली. ज्या ज्या खोलीत तिची नोंद, तिथलं माणूस त्याच दिवशी वारलेलं. एकटंच.

“वहिनी, शालीला पाय फुटले की काय?” चिपा बसवणारे भाऊ हसले. “आत्ता म्हणे कोपऱ्यातल्या आजोबांच्या खोलीत आहे! चिप बिघडलीय. नोंदी पुसू?”

“थांबा जरा.” देवाचं नाव घेत मी कपाट उघडलं. शाल मी घातलेल्या घडीतच होती.


फक्त नुकतीच कुणी अंगावरून काढल्यासारखी उबदार होती. ती खांद्यावर घेतली आणि मी आजोबांच्या खोलीकडे निघाले.