मेन्यू नसलेली डिस्क

"पुन्हा रुसला," आजी म्हणाल्या आणि त्यांनी पुढ्यातलं ताट दूर सारलं.

टीव्हीवाल्याने पडद्याकडे पाहिलं. नऊ चौकोन होते. पहिल्या चौकोनात दाट केसांचा एक मुलगा तोंड अर्धवट उघडून थिजला होता. रिमोट आजींच्या मांडीवर आणि अंगठा भलत्याच बटणावर.

"रुसला नाही हो. तो मेन्यू आहे," टीव्हीवाला म्हणाला.

"मला नका शिकवू. पोटचा आहे माझ्या. रुसला की असंच तोंड करतो."

खरं तर तो टीव्ही दुरुस्त करणारा नव्हेच. लग्न-समारंभांचं शूटिंग करायचं आणि त्याच्या डीव्हीडी बनवून द्यायच्या, हा त्याचा धंदा. पण आजींनी एकदा टीव्हीवाला म्हटलं की टीव्हीवाला. बेल वाजवल्याशिवाय आत यायचं नाही, पलंगावर बसायचं नाही, आणि तो दिसताच आजी आपली पर्स उशीखाली सरकवत, तेव्हा तिकडे बघायचंही नाही. ही सगळी शिस्त तो मुकाट पाळत आला होता.

सून दारात उभी होती. "अहो, काहीतरी करा ना," ती हलक्या आवाजात म्हणाली. "कालपासून पोटात काही नाही त्यांच्या. तो बोलला तरच घास घेतात."

तसं डिस्कवरच्या त्या जुन्या चित्रणात काही विशेष नव्हतं. नवाकोरा कॅमेरा स्टुलावर ठेवून मुलगा स्वतःलाच टिपत होता. "आई, जेवलीस का?" तो विचारायचा. "तू सुरू कर, मी आलोच." बस, एवढंच. पण हे कानावर पडलं की आजी "हो रे बाळा" म्हणत शहाण्यासारख्या जेवत. नाही पडलं, तर तोंडाला कुलूप. डॉक्टरांनीही हात टेकले होते. वाद घालू नका, त्या म्हणतील ते खरं माना, एवढंच त्यांचं औषध.

चूक टीव्हीवाल्याचीच होती. धंद्याची खोड नडली. गिऱ्हाइकाला आवडतो म्हणून त्याने इथेही ऐटीत चित्रांचा मेन्यू केला, आणि चित्रण संपलं की मेन्यूवर जायचं, असं ठरवून दिलं. आजींसाठी तिथेच मुलगा गप्प व्हायचा.

दुसऱ्या डिस्कमध्ये त्याने ते सुधारलं. शेवट झाला की पुन्हा तीच सुरुवात. आता मुलगा गप्प बसणार नव्हता. पण "पुढे"चं बटण मोकळं राहिलं, आणि आजींच्या अंगठ्याने नेमकं तेच गाठलं. मुलगा एका उडीत थेट स्वतःच्या लग्नात जाऊन पडला. नटलेली नवरी हसत त्याचा हात धरून निघाली होती.

आजींनी घर डोक्यावर घेतलं. "ही कोण भवानी? कुठे नेतेय त्याला?"

"मीच ती भवानी," सून पुटपुटली. तिला हसू आवरेना आणि डोळे पुसायला पदरही पुरेना.

आजी त्या दिवशी पाण्यालासुद्धा शिवल्या नाहीत. एवढ्या माणसांची लग्नं टीव्हीवाल्याने डिस्कवर बसवली, आणि एका म्हातारीला घासभर जेवायला लावणं जमेना.

तिसऱ्या डिस्कला तो दुकान बंद ठेवून बसला. मेन्यू उडवला. लग्न उडवलं. पुढे, मागे, थांबा, ज्या ज्या बटणाला डिस्कचा हुकूम लागू होतो, ते ते त्याने मुलाकडे वळवलं, नाहीतर मुकं करून टाकलं. राहिलं फक्त टीव्ही बंद करण्याचं बटण. त्यावर डिस्कची सत्ता चालत नाही. मग डिस्क घालताच थेट मुलगाच बोलेल, अशी तजवीज केली.

दुपारी त्याने बेल वाजवली. सुनेने दार उघडलं. आजींनी पर्स उशीखाली सरकवली.

"आई, जेवलीस का?" मुलगा म्हणाला.

आजींनी रिमोटवरची बटणं एकामागून एक दाबून पाहिली. मुलगा पडद्यावरून हलला नाही. "तू सुरू कर, मी आलोच."

"हो रे बाळा," आजी म्हणाल्या आणि त्यांनी ताट ओढून घेतलं. एक घास. दुसरा. टीव्हीवाला कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसला होता. त्याला हुंदका आला, तो त्याने खोकल्यात लपवला.

ताट रिकामं झाल्यावर आजींचं लक्ष त्याच्याकडे गेलं. त्याच्या टकलापासून पायांपर्यंत त्यांनी एकदा नीट पाहून घेतलं. त्याने श्वास रोखला.

"तुम्हाला आई आहे?"

"आहे."

"मग इथे काय बसलात? वाट बघत असेल ती. जा घरी."

तो खुर्चीवरून उठला. डिस्कवरच्या बटणांना तो रस्ते दाखवू शकत होता. इथे त्याचं काडीचं चालत नव्हतं.

"येतो," तो म्हणाला.

सुनेने पुढचं दार लावल्याचा आवाज मुद्दाम मोठ्याने केला. तो घराला वळसा घालून मागच्या दाराशी आला, हलकेच कडी सरकवून स्वयंपाकघरात शिरला आणि त्याने हात धुतले. ओट्याजवळ सून दोन ताटं वाढून उभी होती.

"बसा आता," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमची आई जेवली."