व्यसनमुक्तीचं कीर्तन

आमच्या बुवांचं व्यसनमुक्तीवरचं कीर्तन ऐन रंगात आलं असताना पेटीमास्तरांनी मागे चार्जिंगला लावलेली ई-सिगारेट फुगून धुमसू लागली.

"पाणी ओता!" तबलजी ओरडला.

"वायर जोडलेली असताना पाणी कसलं ओतता?" बुवा चिपळ्या टाकून धावले. "आधी बटण बंद करा. हात लावू नका, लांबूनच वाळू टाका. आणि मास्तर, मोबाइलचा दणकट चार्जर हिला सोसत नाही हो. हिच्याबरोबर आलेलाच लावायचा!"

धूर शमला. पुढच्या रांगेतल्या दुर्गाकाकूंनी विचारलं, "बुवा, तुम्हाला हो इतकं बारीक कसं ठाऊक?"

बुवांनी डोळे मिटून मोठ्याने नामगजर धरला. आता गजर सुरू झाला की टाळ्या वाजवायच्या असतात, प्रश्न विचारायचे नसतात. सगळ्या मंडपाने वाजवल्या. काकूंनी जरा जास्तच जोरात.