राखेचा खड्डा आणि सोयरीक

दवाखान्यांचा कचरा जाळणाऱ्या कारखान्याचे मॅनेजर हणमंतराव जगदाळे ग्रामसभेत जरा जास्तच रंगात आले होते. कारखान्यामागच्या खड्ड्यात पुरलेल्या राखेचा गावच्या विहिरींना धोका आहे का, असं कोणी विचारताच ते म्हणाले, "अहो, या गावात मी माझी मुलगीसुद्धा देईन." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांवर ते पुढे कितीतरी दिवस खूश होते.

मग एका रविवारी सरपंच विमलताई काकडे आपल्या मुलाचं स्थळ घेऊन त्यांच्या घरी आल्या. मुलगा चांगला शिकलेला, शेती बागायती, आणि जगदाळ्यांच्या मुलीला तो आवडलेलाही होता.

"साहेब, शब्द तुम्हीच दिलात," विमलताई हसून म्हणाल्या.

हणमंतराव गडबडून म्हणाले, "ताई, खरं सांगतो. त्या खड्ड्याला खालून प्लास्टिकचं अस्तर घातलेलंच नाही. राखेत शिसं असतं, ते पावसाबरोबर विहिरीत उतरू शकतं. ते पाणी पिऊ नका."

विमलताईंचा चेहरा पडला. "मुलगा पसंत नसेल तर सरळ सांगा. आमच्या पाण्याला कशाला नावं ठेवता?" म्हणत त्या उठल्या.

आपली थाप गावाला पटली आणि खरं मात्र पटत नाही, हे पाहून हणमंतरावांना स्वतःचंच हसू आलं. ते अनवाणीच फाटकापर्यंत धावले.

"ताई, मुलगा पसंत आहे हो. पुन्हा सभा बोलवा, खड्ड्याचं मी सगळ्यांसमोर सांगतो. फक्त नोकरी गेलेला सासरा त्याला चालेल का, तेवढं विचारून ठेवा."