सशाची फडकी

ज्योतीरामने समोरच्या दोरीवरची फडकी पुन्हा मोजली. नऊ. एका सशाला दिवसाला नऊ फडकी लागतात, हे त्याला मान्य नव्हतं.

मान्य नसण्याचा त्याला अधिकार होता. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात ज्या सशांना सुई टोचून ताप चढतो का ते बघतात, त्या दोनशे सशांचं खाणंपिणं आणि साफसफाई त्याच्याकडे होती. चार वर्षांत एकाही सशाचं बूड घाण सापडलं नव्हतं. चाकणकडच्या त्याच्या गावात लोक लग्नाच्या पंगतीत पोरांचे मार्क सांगत. हा सशांची बुडं सांगायचा.

आणि समोरच्या क्वार्टरमधला ससा त्यानेच दिलेला. वजनात बाद झालेला, बाकी नामी. श्रावणात सुमनताईंनी स्वतः येऊन मागितला होता. ओट्यावर मांजर चढली तरी लाटणं घेऊन धावणारी बाई ससा मागते, याचं त्याला नवल वाटलं होतं.

"पोट जरा नाजूक असलेला असला तरी चालेल," असंही त्या म्हणाल्या होत्या. ज्योतीरामला हसू आलं होतं. तसला माल तो ठेवतच नव्हता.

आणि गणपतीपासून दोरी भरू लागली. जुनी धोतरं फाडून केलेली चौकोनी फडकी, फिनेलचा वास, आणि त्याखाली दुसराही एक वास. कोणी विचारलं की सुमनताई म्हणत, सशाचं पोट पुन्हा बिघडलंय.

ज्योतीरामने सल्ले दिले. कोबी बंद करा, सुकं गवत घाला. सगळा ससा पाण्यात बुडवू नका, हबकतो; फक्त मागचा भाग कोमट पाण्याने भिजवा. चिकटलेलं ओढू नका, बोटांनी सुटं करा. मग दाबून दाबून कोरडं करा, नाहीतर माशी बसते आणि दिवसात किडे पडतात. खरं तर ससा आपलं आपण चाटून साफ ठेवतो. म्हातारा झाला, अंग वळेनासं झालं, की दुसऱ्याचा हात लागतो. पण हा तर जेमतेम वर्षाचा.

सुमनताई असं ऐकत, की जणू परीक्षा उद्यावर आलीय. कातडी लाल झाली तर काय लावायचं, हेही त्यांनी विचारून घेतलं. तो म्हणाला, खोबरेल. मात्र ससा दाखवा म्हटलं की तो नेमका झोपलेला असे.

बाहेरच्या खोलीत त्यांचे सासरे, उद्धवराव, आरामखुर्चीत बसलेले असत. रिटायर्ड हेडमास्तर. नखात मळ दिसला की पोराला वर्गातून घरी पाठवणारे. पूर्वी रोज संध्याकाळी काठी टेकत स्टेशनापर्यंत जात. अलीकडे बाहेर पडत नसत. चैत्राच्या उन्हातही गुडघ्यांवर शाल. सशाचं बोलणं निघालं की ते भिंतीकडे बघत.

एकदाच बोलले. "जनावराला लाज नसते, ज्योतीराम. नशीबवान असतं."

उन्हाळा चढला तसा वासही चढला. शेजारच्या दुर्गाबाईंनी लेखी तक्रार केली. रविवारी सकाळी क्वार्टरांचा कारभार बघणारे रंगराव रजिस्टर घेऊन आले आणि त्यांच्यामागे घरांची निम्मी रांग आली, कारण रविवारी दुसरं काही नव्हतं. नियम सरळ होता. घाण करणारं जनावर जाणार. रंगराव न्यायी माणूस. त्यांनी ज्योतीरामला बोलावून घेतलं.

"तू जाणकार. तू बघ. परत न्यायचा म्हणालास तर आजच नेऊ."

सुमनताई सशाच्या खोक्यावर हात ठेवून उभ्या होत्या. "ससा तेवढा नेऊ नका, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरं काही मागत नाही."

ज्योतीरामने एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली घालून ससा उचलला. उलटा केला. बघितलं. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघितलं. मग सगळ्यांकडे पाठ करून त्याला पोटाशी धरलं.

"काय रे?"

"लई घाण हाय, साहेब."

दुर्गाबाईंनी सगळ्यांकडे एकवार बघून घेतलं.

"पर चूक या घराची न्हाई. नासक्या पोटाचा ससा म्याच यास्नी दिला. ठावं असून दिला."

रांगेत खसखस पिकली. "मग ती दोनशे बुडं रे, भावा?" मागून कोणीतरी विचारलं.

"त्यातबी काय खरं न्हाई," ज्योतीराम म्हणाला.

"मग ने की परत," रंगराव म्हणाले.

"या वयात जागा हलवली तर टिकायचं न्हाई, साहेब. हितंच सांभाळाया लागंल. फडकी रोज वाळणार. वास यील तो माज्या नावावर लिवा."

सशाचं वय कोणी विचारलं नाही. रंगरावांना नाव लिहायला मिळालं की प्रकरण मिटलंसं वाटे. त्यांनी लिहिलं. लोक हसत पांगले, आणि त्यानंतर त्या रांगेत ज्योतीरामला सशाबद्दल कोणी काही विचारलं नाही. तोही पंगतीत खाली मान घालून जेवू लागला.

सोमवारी शिफ्ट सुटल्यावर तो काखेत एक गुंडाळी घेऊन समोर गेला. "नमस्कार, गुरुजी," म्हणाला. उद्धवराव भिंतीकडे वळले नाहीत. त्याच्याकडे बघत राहिले.

त्याने गुंडाळी सुमनताईंच्या हातात दिली. "मेणकापड हाय. सशाखाली अंथराया."

सुमनताईंनी ते जमिनीवर उलगडलं. खाटेखालून ससा टुणकन बाहेर आला, कापडाच्या एका कोपऱ्यावर बसून कान पुसू लागला. पिंजलेल्या कापसासारखा पांढरा, शेपटीसकट.

मेणकापड साडेतीन हात लांब होतं.