जयराजचा भाग

“पाणीवाटपाचा हा भाग कुणी लिहिला?” बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

“मी, सर,” जयराज म्हणाला.

शेजारी उभ्या ज्ञानदानं घड्याळाकडे बघितलं. तिघांचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. अहवाल मयूरीनं केला होता. कोडची ओळ न् ओळ आता ज्ञानदाची होती. पाच महिने ती लॅबच्या त्याच खुर्चीत बसून होती. आज हे एकदाचं संपावं, एवढंच तिला हवं होतं.

ॲप गावातल्या पाणीसंस्थेसाठी होतं. कुठल्या शेताला कधी पाणी, ते मोबाईलवर कळायचं.

“पाणी चालू असताना वीज गेली तर?”

“ज्याचं अर्धं ऱ्हायलं, त्याला आधी, सर. आमच्याकडं कवठे महांकाळला तसंच हाय. मग पुढच्यांच्या वेळा सरकतात.” सगळ्या तोंडी परीक्षेत तो पहिल्यांदाच न अडखळता बोलला.

“कोडमध्ये दाखवा.”

जयराजनं फाईल उघडली. खालपर्यंत गेला. परत वर आला. ओळी अनोळखी असाव्यात तसा हळूहळू वाचू लागला.

“हितं होतं, सर.”

“होतं म्हणजे?”

फेब्रुवारीत त्यानं हा भाग दिला तेव्हा तो फारच विस्कळीत होता. ज्ञानदानं सगळा पुसला आणि दोन दिवसांत नवा लिहिला. विजेची ती अट तिला कळली नव्हती. विचारायचा कंटाळा आला, म्हणून गाळली.

मयूरी टेबलाकडे बघत राहिली. परीक्षकांनी पेन उचललं.

“त्यानं लिहिलं होतं, सर,” ज्ञानदा म्हणाली. “मी पुसलं.”

“त्याला न सांगता?”

“समजावून सांगत बसायचं त्राण नव्हतं.”

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. “पुढच्या गटाला पाठवा.”

तिघं व्हरांड्यात आली. मयूरी पाणी आणते म्हणून गेली.

“तू नंतर एकदाही उघडून बघितलं नाहीस?” ज्ञानदानं विचारलं. तिला रागवायचं होतं. आवाज तेवढा उरला नव्हता.

“न्हाई.” जयराजनं ओळखपत्राची दोरी गळ्यातून काढली, बोटाला गुंडाळली. “तुला दोनदा इचारलं, काय बदलायचं हाय का म्हणून. तू म्हणालीस, राहू दे, झालंय.”

“हो.”

“मला वाटलं, जमलं मला.”