आवराआवरीचा क्रम

“‘क्रम बदलू नये.’ एवढंच? का बदलू नये?” पडद्यावरची ओळ वाचून शंकासुराने विचारलं.

शंकासुर हे त्याचं ऑफिसातलं नाव. दुसऱ्यांचं कोड तपासायचं त्याचं काम, आणि दिवसभरात एकही शंका आली नाही तर त्याला अपचन व्हायचं.

“परवा कुणीतरी बदलला आणि गिऱ्हाइकाची सगळी यंत्रं आडवी झाली, म्हणून,” मावशी म्हणाली. हेही ऑफिसातलंच नाव. कोडमधला नेटवर्क बंद करायचा भाग तिने लिहिलेला. “कोडशेजारी नीट कॉमेंट, म्हणजे वाचणाऱ्यासाठी सूचना, आज आत गेली नाही, तर पुढचा शहाणा परत तेच करणार.”

सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दाराशी तिचं कार्ड लावल्यावर लाल दिवा लागला होता. वॉचमनने तोंडओळखीवर आत सोडलं. कॉफीच्या मशीनच्या जागी चौकोनी डाग उरला होता. तिने टाइप केलं:

“१. नेटवर्क बंद होतंय हे वापरणाऱ्या सगळ्यांना आधी कळवा.
२. त्यांच्या हातातलं काम संपू द्या.
३. मगच त्यांची जागा काढून घ्या. उलट केलंत, तर एखादा सवयीने तिथे जाईल आणि तिथे काहीच नसेल.”

“‘काहीच नसेल’ मोघम आहे,” शंकासुर म्हणाला. “नेमकं काय होईल?”

“आपटेल.”

“कोण?”

तेवढ्यात हातगाडी घेऊन दोघे हमाल आत आले. “बाई, खुर्ची.”

“मी बसलेय तिच्यावर.”

“आम्हाला खुर्चीचं सांगितलंय. माणसांचं काही बोलले नाहीत.”

मावशी उठली. खुर्ची गेली, तिच्या पाठीवर टाकलेल्या स्वेटरसकट. मग शंकासुराची गेली. मग टेबल. मावशीने लॅपटॉप तान्ह्या बाळासारखा हातावर घेतला.

“नवीन फर्निचर येत असेल,” शंकासुर म्हणाला.

“हो, आणि मी महाराणी.”

“‘मगच’ची जागा बरोबर आहे ना पण?”

“अरे मेल्या, मंजूर कर!”

त्याने भिंतीला टेकून मंजूर केलं. मावशीने ‘पाठवा’ दाबलं. पडद्यावर गोल चक्र फिरू लागलं. एक हमाल वाकून भिंतीतली नेटवर्कची वायर ओढायला लागला. मावशीने वायरवर पाय दिला.

“बाई, पाय.”

“दादा, पायाचं सांगितलंय का तुम्हाला?”

हमालाने विचार केला आणि तो पंख्याकडे वळला.

त्याच वेळी साहेब धापा टाकत आले. हातात दोन बंद लिफाफे. रिकाम्या खोलीकडे, मग त्या दोघांकडे त्यांनी पाहिलं.

“अरे! हे लोक आधीच आले? मी आधी तुम्हाला सांगणार होतो. म्हणजे, हा विभाग आजपासून…”

“थांबा, साहेब. गेली का रे?”

चक्र थांबलं. शंकासुराने मान वाकडी करून पडद्यावर पाहिलं. “गेली.”

मावशीने वायरवरून पाय काढला. “हं. आता बोला.”

“असं उभ्या उभ्या नको. शांतपणे बसून बोलू,” साहेब म्हणाले, आणि सवयीने, मागे न बघता, बसले.